घरात शिरलेले पाणी आणि आपले हक्क

पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. हे विधान अर्धेच खरे आहे. पाऊस श्रीमंताच्या गच्चीवर पडतो आणि गरिबाच्या पत्र्यावरही पडतो. परंतु गच्चीवरचे पाणी उताराने निघून जाते आणि ज्या घराचे जोते रस्त्याच्या खाली आहे त्या घरात येऊन थांबते. पाणी उतार शोधते हा निसर्गाचा नियम होय. त्या उताराच्या शेवटी कोणाची वस्ती असावी, हे मात्र माणसांनी ठरविले आहे. गावकुसाबाहेर, ओढ्याच्या काठी, गावाचे सांडपाणी जेथे उतरते तेथे आपल्या वाडवडिलांना जागा मिळाली. पोटासाठी आपण शहरात आलो, तेव्हा नाल्याच्या कडेची, खाडीच्या भरावाची आणि रेल्वेच्या रुळालगतची सखल जमीन आपल्या वाट्यास आली. गावकूस मागे राहिले, पण सखल जमीन काही आपला पिच्छा सोडीत नाही.

महापूर आला म्हणजे त्याची दखल घेतली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत महापूर आला, तेव्हा राज्य सरकारने पूरग्रस्त कुटुंबांस ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले. मंत्री आले, होड्या आल्या, वृत्तपत्रांचे प्रतिनिधी आले. आज आम्हांस जो विषय मांडावयाचा आहे तो त्याहून लहान आहे आणि लहान असल्यामुळेच दुर्लक्षित आहे. दुपारी तीन तास मुसळधार पाऊस होतो, मोरीतून पाणी उलटे वर येते, उंबरठ्यावरून गल्लीचे पाणी आत शिरते, घरात हातभर पाणी साचते आणि मध्यरात्रीपर्यंत ओसरून जाते. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवतो आणि या घटनेची नोंद कोठेही राहात नाही. परंतु त्या हातभर पाण्यात महिन्याचे धान्य भिजलेले असते, गाद्या आणि अंथरुणे कुजावयास लागलेली असतात, मुलांच्या वह्यापुस्तकांचा लगदा झालेला असतो, दोन दिवसांची मजुरी बुडालेली असते आणि आठवड्याभरात घरातील कोणी तरी तापाने अंथरूण धरतो. ज्या घराची मिळकत रोजची आहे त्या घरास हा लहान पूरही मोठाच असतो.

शासनाचा मापदंड मात्र निराळा आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यावयाच्या मदतीचे जे निकष केंद्र सरकारने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविले, त्यांत कपड्यांसाठी २,५०० रुपये आणि भांडी व घरसामानासाठी २,५०० रुपये एवढी तरतूद प्रत्येक कुटुंबामागे होती. परंतु ही तरतूद ज्यांचे घर वाहून गेले, पूर्णतः पडले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिले त्यांच्यासाठी होती. म्हणजे सहा तासांत ओसरणारे पाणी या फूटपट्टीवर मोजलेच जात नाही. वर्षातून तीन वेळा सहा-सहा तास घरात पाणी शिरणारे कुटुंब या निकषांच्या दृष्टीने आपद्‌ग्रस्त नव्हते, आणि तेच कुटुंब दहा वर्षांत पुराने नव्हे तर अशा ओलीने कंगाल होते. म्हणून या बाबतीत आपणांस दोन कर्तव्ये एकाच वेळी पार पाडावी लागतील. एक, आपल्या घराचे व माणसांचे रक्षण शास्त्रशुद्ध रीतीने करणे. आणि दुसरे, आपला हक्क कागदावर आणून मागणे. एकावाचून दुसरे पांगळे आहे.

पाणी का येते?

प्रथम कारण समजून घेतले पाहिजे. वरुणाचा कोप झाला, अशी समजूत ज्या धर्मात होती तो धर्म आपण सोडून दिला आहे. दुःखास कारण असते आणि कारण दूर केल्यास दुःख दूर होते, ही भगवान बुद्धांची शिकवण गल्लीतील गटारासही लागू पडते.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाबा येथे सुमारे ७३ मिलिमीटर झाला. एवढा पाऊस कोणतीही गटारे वाहून नेऊ शकत नाहीत हे मान्य करू. परंतु मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था मुळात तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि तीही समुद्रास ओहोटी असताना, आखलेली होती. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढविण्याची शिफारस केली. शिफारस होऊन बारा वर्षे लोटली आणि २००५ चा प्रलय आला. नंतर चितळे समिती नेमली गेली, पाणी उपसणारी केंद्रे बांधावयास प्रारंभ झाला. आजही भरतीची वेळ आणि जोराचा पाऊस एकत्र आले की सखल भागाचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही व ते मागे फिरून वस्त्यांत पसरते.

याखेरीज आणखी एक कारण आहे, ज्याची चर्चा क्वचितच होते. रस्ता दुरुस्त करताना जुना थर न खरवडता त्यावर नवा थर चढविला जातो. वीस-तीस वर्षांत रस्ता हातभर उंच होतो आणि चाळीचे जोते होते तेथेच राहते. ज्या घरात पूर्वी दोन पायऱ्या चढून जावे लागे, त्याच घरात आता एक पायरी उतरून जावे लागते. या घरात शिरणारे पाणी आकाशातून आलेले नाही. ते ठेकेदाराच्या आणि अभियंत्याच्या निष्काळजीपणातून आलेले आहे.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष होते. पाण्याचे आधिक्य हे संकट मानून त्यास केवळ बांध घालीत बसण्याची दृष्टी त्यांनी तेथे नाकारली. पाणी ही संपत्ती आहे आणि तिचे नियोजन हे राज्याचे काम आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. जी दृष्टी महानदीसाठी खरी, ती आपल्या वस्तीतील नाल्यासाठीही खरी आहे.

पहिल्या तासात काय करावे?

पाणी उंबरठ्याशी आले की पहिले काम विजेचे. हात कोरडे असताना आणि कोरड्या जागी उभे राहून मुख्य बटन बंद करावे. मीटर किंवा बटनांची पाटीच पाण्यात गेली असेल किंवा तिच्यापर्यंत पोहोचण्यास पाण्यातून जावे लागत असेल, तर तिला हात लावू नये. वीज कंपनीस कळवून बाहेरूनच पुरवठा तोडावयास सांगावे. घर वाचविण्याच्या धांदलीत विजेच्या धक्क्याने माणूस जाणे ही सर्वांत टाळता येण्याजोगी हानी होय. त्यानंतर गॅसचा रेग्युलेटर बंद करावा आणि सिलिंडर तरंगून कलंडणार नाही अशा ठिकाणी ठेवावा.

तळमजल्याच्या खोलीत पाणी बहुधा दारातून येण्यापूर्वी मोरीच्या भोकातून येते. त्या भोकावर कापडाचा घट्ट बोळा बसवून वर पाण्याने भरलेली जाड प्लास्टिकची पिशवी किंवा वाळूची गोणी ठेवावी. दाराशी गोण्या रचताना त्या अर्ध्याच भराव्यात, म्हणजे त्या एकमेकींवर दबून बसतात. आणि विटांच्या भिंतीप्रमाणे सांधा चुकवून रचाव्यात. ज्यांस शक्य आहे त्यांनी पावसाळ्यापूर्वीच उंबरठा दोन विटांनी वाढवावा आणि सांडपाण्याच्या नळीस पाणी उलटे येऊ न देणारी झडप बसवावी. दुरुस्तीच्या मानाने हा खर्च थोडा आहे.

धान्य, औषधे, कागदपत्रे आणि पुस्तके यांची जागा पावसाळ्याचे चार महिने छातीच्या उंचीवर असावी. वृद्ध, आजारी आणि गर्भवती स्त्रिया यांस पाणी घोट्यास लागताच वरच्या मजल्यावर किंवा विहारात न्यावे. पाणी कमरेस लागण्याची वाट पाहू नये. बाहेर पडणे भागच असेल तर काठीने जमीन चाचपीत चालावे. पाणी निघून जावे म्हणून मॅनहोलचे झाकण कोणीही उघडू नये. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून अंत झाला. आपल्या गल्लीतील पाणी उतरावे म्हणून दुसऱ्याच्या वाटेत मृत्यू उघडा ठेवणे हे पाप होय. मुंबईत अशा वेळी महानगरपालिकेच्या आपत्कालीन कक्षास १९१६ या क्रमांकावर कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.

पाणी ओसरल्यावर

घरात शिरलेले पाणी पावसाचे असले तरी ते गटारातून आलेले असते, हे ध्यानात ठेवावे. त्या पाण्याचा स्पर्श झालेले शिजविलेले अन्न, भाजी, पीठ आणि भिजलेले धान्य टाकून द्यावे. गरीब घरात अन्न टाकणे जिवावर येते हे आम्ही जाणतो. परंतु एका पायलीच्या लोभाने दवाखान्याचा खर्च ओढवून घेणे शहाणपणाचे नाही. पिण्याचे पाणी चांगली उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे. कावीळ, विषमज्वर आणि अतिसार यांचा मार्ग याच पाण्यातून जातो.

प्रथम चिखल खरवडून काढावा, साबणाच्या पाण्याने फरशी व भिंत घासावी आणि त्यानंतर ब्लीचिंग पावडरचे पाणी फिरवावे. चिखलावरच पावडर टाकल्याने ती वाया जाते. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि लहान खोलीत तो प्राणघातक ठरू शकतो. हे काम बहुधा आपल्या भगिनींच्या अंगावर पडते. त्यांच्या पायांत रबरी बूट आणि हातांत मोजे असतील याची काळजी घरातील पुरुषांनी घ्यावी. त्याहून बरे म्हणजे बादली त्यांनीही हाती घ्यावी. भिजलेला पंखा, मिक्सर किंवा शीतकपाट वायरमनने तपासल्याशिवाय चालू करू नये.

२००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसच्या तापाने अनेक माणसे दगावली. उंदीर, कुत्री आणि गुरे यांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या जखमेतून, चिरेतून शरीरात शिरतात. ज्यांस अशा पाण्यातून चालावे लागले त्यांनी पाय साबणाने धुऊन तीन दिवसांच्या आत सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात जावे आणि प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे. गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांचे औषध निराळे असते. ते डॉक्टरांनीच ठरवावे. पुढील महिन्याभरात ताप, पोटऱ्यांत वेदना किंवा डोळ्यांत लाली दिसल्यास, आपण पुराच्या पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. हे एक वाक्य योग्य निदानास साह्यभूत होते.

कागद हे आपले शस्त्र

भिजलेली गादी पुन्हा घेता येते. भिजलेला कागद पुन्हा मिळविण्यास कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, भाडेपावत्या आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यांसाठी १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा, हे कागद म्हणजे आपल्या पिढ्यांची कमाई होय. धर्मांतरित बौद्धांस अनुसूचित जातींच्या सवलती केंद्राकडून मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. ज्या दाखल्यासाठी एवढा लढा झाला तो दाखला पलंगाखालच्या पेटीत ठेवणे योग्य नव्हे. सर्व कागद पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, उंचावर ठेवावेत आणि त्यांची छायाचित्रे दोन निराळ्या ठिकाणी जपावीत. कागद भिजलाच तर तो उन्हात टाकू नये, त्यावर इस्त्री फिरवू नये. स्वच्छ कोऱ्या कागदांत ठेवून सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. पुस्तके उभी करून, पाने पंख्यासारखी उघडी ठेवून सुकवावीत.

पंचनामा आणि अर्ज

चिखल काढण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. भिंतीवर पाणी जेथवर चढले तेथे पेन्सिलीने रेघ ओढून तारीख व वेळ लिहावी. पाणी केव्हा शिरले, केव्हा ओसरले आणि कोणती वस्तू नासली याची यादी करून तीवर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. गावात तलाठी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, यांच्याकडे आणि शहरात तहसीलदार व पालिकेचे विभाग कार्यालय यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा व दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी सांगितलेल्या तक्रारीस कायद्याच्या दृष्टीने आयुष्य नसते. कोऱ्या पंचनाम्यावर सही किंवा अंगठा करू नये. त्याचबरोबर नुकसान फुगवून सांगू नये. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याच्या कलम ५२ अन्वये मदतीसाठी जाणूनबुजून खोटा दावा करणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे. हक्क मागणाराचे हात स्वच्छ असले पाहिजेत.

याच अधिनियमाचे कलम ६१ प्रत्येक कुटुंबाने पाठ करून ठेवावे. आपद्‌ग्रस्तांस नुकसानभरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते सांगते. गावात पंचनामे करताना अधिकारी पाटलाच्या ओसरीवर बसून यादी करीत असेल आणि बौद्धवाड्यात पाऊल ठेवीत नसेल, तर अर्जात या कलमाचा उल्लेख करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. मदत हे दान नाही. ते हात जोडून मागावयाचे नसून ताठ मानेने घ्यावयाचे आहे.

भाडेकरूंसही कायद्याने हक्क दिला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ प्रमाणे घर सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून तिचा खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये.

पैसा नाही, हे उत्तर चालणार नाही

घरातील पाणी उपसणे हे आपले काम. गटार वाहते ठेवणे हे पालिकेचे काम. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ याच्या कलम ६१ मध्ये गटारे बांधणे, राखणे व साफ करणे हे महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत गणले आहे. निधी नाही ही सबब पुढे करण्यात येते. त्या सबबीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै १९८० रोजी रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात लावलेला आहे. रतलामच्या एका रस्त्यावरील रहिवासी तुंबलेल्या गटारांस आणि घाणीस कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे गेले. नगरपालिकेने पैशाची अडचण सांगितली. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ती ऐकून घेतली नाही. सभ्य व प्रतिष्ठेचे जीवन हा मानवी हक्काचा भाग असून त्याची पूर्तता हे स्थानिक संस्थेचे पहिले देणे आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. ज्या कलम १३३ च्या आधारे ते रहिवासी गेले, ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ या क्रमांकाने आले आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश मागण्यास त्यानुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

परंतु दंडाधिकाऱ्यांकडे जाण्यापूर्वी पुरावा हवा. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारावे : आमच्या वस्तीतील नाला या वर्षी कोणत्या तारखेस साफ केला? किती गाळ निघाला? ठेकेदारास किती रक्कम दिली? तीस दिवसांत उत्तर देणे त्यांस भाग आहे. हा अर्ज मे महिन्यात द्यावा. पाणी घरात आल्यावर नव्हे. आणि तो एकट्याने न देता गल्लीच्या वतीने पन्नासजणांनी द्यावा. एका अर्जदारास धमकाविता येते, पन्नासांस येत नाही. याबरोबर हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, ज्या नाल्यात आपण स्वतः प्लास्टिकच्या पिशव्या आणि राडारोडा टाकतो त्या नाल्याविषयी तक्रार करताना आपला आवाज आपोआप खाली येतो.

शेजाऱ्याचे घर

एकाने उंबरठा उंच केला की पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते, आणि पाण्यावरून भांडण पेटते. शाक्य आणि कोलीय यांचे रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण झाले तेव्हा सिद्धार्थाने युद्धास विरोध केला. दोन्ही पक्षांनी दोन-दोन माणसे निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा, असा त्याचा प्रस्ताव ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी नोंदविला आहे. गल्लीतील पाण्याचा तंटा सोडविण्यास याहून चांगली रीत आम्हांस माहीत नाही. सर्व उंबरठे एकाच पातळीवर यावेत, गटाराचा उतार एकाच बाजूस असावा आणि खर्च खोल्यांच्या प्रमाणात वाटावा, हे पाच माणसे एका संध्याकाळी ठरवू शकतात.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो आणि पाऊसही त्याच महिन्यांत असतो. या काळात ठिकठिकाणच्या विहारांत ग्रंथवाचनासाठी आपण एकत्र येतो. वाचन संपल्यावर अर्धा तास वस्तीच्या कामास द्यावा. कोणत्या घरात वृद्ध एकटे आहेत, कोणाचे जोते सर्वांत खाली आहे, दोर, गोण्या आणि विजेऱ्या कोठे ठेवल्या आहेत, कोणता तरुण कोणत्या घरी धावेल, याची यादी विहारात लावलेली असावी. ज्या विहारात पावसाच्या रात्री शेजारच्या कोणत्याही जातीच्या व धर्माच्या माणसास कोरडी जागा मिळते, त्या विहारातील करुणेचे प्रवचन लोकांस पटते.

सखल जमीन आपण निवडली नव्हती. परंतु त्या जमिनीवर कसे उभे राहावयाचे, हे आता आपणच ठरवावयाचे आहे. घर स्वच्छ करून, यादी तयार करून, अर्जाची पोच खिशात घालून जो माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो, तो पाण्याने हरलेला नाही. वाचकांनी या अंकातील हा लेख आपल्या वस्तीत मोठ्याने वाचून दाखवावा, आणि पुढल्या पावसापूर्वी नाल्याविषयीचा पहिला अर्ज दाखल करावा, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.